अंगणातले पाणी बोडीत जाण्याआधी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून)



दरवर्षी या दिवशी आपण आहारावर, काटकसरीवर, मुलांच्या अभ्यासावर कोणाला तरी बोलावतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, “बाई, बाहेरचे पाहुणे पुरे झाले, तुम्हीच काही सांगा.” मी विषय सांगितला, “पावसाचे सांडपाणी आणि माती.” त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “बाई, लोक चहाला थांबतील ना?” (हशा) त्यांची शंका रास्त आहे. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. व्याख्यानाची सवय नाही, फळा नसला म्हणजे हात मोकळे कोठे ठेवावे ते कळत नाही. तरी हा विषय मी हट्टाने घेतला, कारण पुढच्या महिन्यात मंडळाच्या अंगणाचा निर्णय व्हायचा आहे, आणि तो होण्याआधी मला माझी एक चूक तुमच्यासमोर कबूल करायची आहे.

गेल्या भाद्रपदातली ती सकाळ तुमच्यातल्या पुष्कळजणींनी पाहिली असेल. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. पाचव्या दिवशी पहाटे बोडीच्या काठाशी पांढरी रेघ दिसली, ती मेलेल्या माशांची. ढिवर बांधवांनी पावसाच्या तोंडावर उसनवारी करून मत्स्यबीज सोडले होते. लोक म्हणू लागले, कोणी विष टाकले. दोन घरांत त्यावरून बोलणे बंद झाले, ते अजून सुरू झालेले नाही. पुढे अश्विनात बतुकम्मा आली. तरवड, कुरडू, झेंडू यांची ती सुंदर रास डोक्यावर घेऊन आपल्या तेलुगू बोलणाऱ्या भगिनी चेरुवूवर गेल्या आणि पाण्याच्या वासाने पदर नाकाला लावून परत फिरल्या. बतुकम्मा शेवटी प्राणहितेवर नेऊन सोडली. म्हाताऱ्या आक्का तेवढे चालू शकल्या नाहीत, त्या दारातच बसून राहिल्या. मला ते फार लागले.

विष कोणीही टाकले नव्हते. आपण सर्वांनी मिळून बोडीला जेवू घातले होते, तेही नको तेवढे.

हे जरा उलगडून सांगते. पाणी हिरवे होते ते शेवाळाने. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी कण मिळून तो हिरवा रंग होतो. दिवसा ऊन असले की हे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, पण रात्री तेही आपल्यासारखेच श्वास घेते. चार दिवस आभाळ झाकलेले असले की दिवसाची मिळकत बंद होते आणि रात्रीचा खर्च चालूच राहतो. त्यातच काही शेवाळ मरते, कुजते, आणि कुजवणारे जंतूही प्राणवायूच खातात. शेवटी पहाटेच्या सुमारास पाण्यातला साठा संपतो आणि मासे गुदमरतात. म्हणून हे मरण नेहमी पहाटेचे असते. ज्या दोन घरांत अबोला आहे त्यांनी एवढे ऐकून तरी एकमेकांच्या दारी जावे, असे मला वाटते.

आता शेवाळ इतके माजते कशाने? वनस्पतीला जे जे लागते त्यात दोन गोष्टी मुख्य आहेत, एक नत्र आणि दुसरे स्फुरद, ज्याला इंग्रजीत फॉस्फरस म्हणतात. शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांना हे सांगायला नको. युरिया म्हणजे नत्र आणि सुपर फॉस्फेट म्हणजे स्फुरद. तळ्यात सामान्यतः स्फुरदच तुटपुंजे असते, म्हणून त्याच्यावर सगळे अडून राहते. याचा एक फार बोलका प्रयोग १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने केला. तेथे प्रयोगासाठीच राखून ठेवलेली तळी आहेत. त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधोमध जाड पडदा लावून त्यांनी दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र सारखेच घातले. एका भागात मात्र त्यांच्या जोडीला स्फुरद घातले. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचा भाग स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. मी शाळेत ते मुलांना दाखवीत असे, आणि इतकी वर्षे दाखवूनही आपल्याच बोडीकडे त्या नजरेने पाहिले नव्हते.

हे स्फुरद आपल्या बोडीत येते कोठून? गुरांच्या शेणातून, कोंबड्यांच्या विष्ठेतून, मोरीच्या पाण्यातून, काही कपड्यांच्या पावडरीतून, चुलीच्या राखेतून, आणि रस्त्यावर कुजणाऱ्या पानांतून. ह्या सर्व वस्तू पूर्वीही होत्याच. मग पूर्वी बोडी का बिघडली नाही, असा प्रश्न एका सुनेने मला विचारला. प्रश्न उत्तम आहे. पूर्वी आपली अंगणे मातीची होती. आपल्याकडे वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला पहिला बराचसा पाऊस अंगणच पिऊन टाकी. जे वाहे ते परसातल्या केळीत, कर्दळीत, धोप्यात अडे, उरलेले गवतातून वळसे घेत बोडीला जाई. आज शंभर चौरस मीटरचे छप्पर आणि सिमेंटचे अंगण घ्या. त्यावर दहा मिलिमीटरची एक सर आली की हजार लिटर पाणी होते, म्हणजे पाच मोठे ड्रम. ते सगळे पाणी अंगणातली सारी घाण घेऊन सिमेंटच्या नालीतून थेट बोडीत पोचते. वाटेत त्याला मातीची गाठच पडत नाही.

हे दुखणे एकट्या सिरोंचाचे नाही. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावावर जलपर्णीची चादर पसरली होती. त्याच्या शुद्धीकरणासाठी बंडू धोतरे यांना २०२१ साली उपोषणाला बसावे लागले. नागपूरच्या अंबाझरीत, कोल्हापूरच्या रंकाळ्यात हाच प्रकार आहे. ती मोठी गावे. त्यांच्याकडे सांडपाण्याचे कारखाने, अभियंते, पैसा. आपल्याकडे एक बोडी आणि चाळीस घरे. त्यातल्या त्यात आपले काम सोपे आहे.

आता माझ्या चुकीकडे येते.

माशांच्या त्या प्रकारानंतर मी पेटून उठले. नाली जेथे बोडीला मिळते तेथे माझ्या परसाचा कोपरा आहे. विचार केला, नालीचे पाणी येथे वळवावे, चर खणावा, त्यात झाडे लावावी, पाणी मातीतून गाळून मग बोडीत सोडावे. अमेरिकेत मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात १९९० च्या सुमारास अशाच मातीच्या बागा रस्त्याकडेला सुरू झाल्या, हे मी वाचले होते. दोन मुले मदतीला घेतली, चर खणला. आणि मातीत काय घातले? चांगले कुजलेले शेणखत, तेही दोन भाग, आणि एक भाग काळी माती! माझी कर्दळ अशी फोफावली की येणारी-जाणारी माणसे थांबून पाहू लागली. मला तर अभिमानाने जेवण जाईना.

बोडी मात्र आणखीच हिरवी झाली.

मी गोंधळले. शाळेच्या प्रयोगशाळेत गेले. माझीच एक विद्यार्थिनी आता तेथे शिकवते. स्फुरद ओळखण्याची एक जुनी, चांगली रीत आहे. मर्फी आणि रायली या दोघांनी ती १९६२ साली बसवली. पाण्यात आम्लाबरोबर मॉलिब्डेटचा द्रव आणि क जीवनसत्त्व घातले की स्फुरद असेल त्या प्रमाणात निळा रंग येतो. आम्ही दोन नळ्या भरल्या. एकीत चरात शिरणारे पाणी, दुसरीत चरातून बाहेर पडणारे. पहिली फिकट निळी झाली. दुसरी, भगिनींनो, मोरपंखी! म्हणजे नालीच्या पाण्यापेक्षा माझ्या बागेतले पाणी अधिक दोषी होते. मी बोडीला वाचवायला म्हणून खताचा काढा करून पाजत होते.

पुढे वाचनात आले की ही चूक माझ्या आधी शहाण्यासुरत्या लोकांनीही केली आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो येथे अशी बाग केली होती; तेथली माती मुळातच स्फुरदाने भरलेली होती, म्हणून तिच्यातून स्फुरद कमी होण्याऐवजी वाढूनच बाहेर पडले. चॅपेल हिलची माती त्या बाबतीत उपाशी होती, ती स्फुरद धरून राहिली. हे २००६ साली छापून आले. धान्याच्या कोठीत जागाच नसेल तर नवे पोते कोठे ठेवणार? हे साधे गणित मला आधी सुचले नाही, कारण बागेचे नाव काढले की आपला हात आपोआप शेणखताकडे जातो.

यातून दुसरी गोष्ट शिकले. पाण्यात स्फुरद दोन रूपांनी असते. काही गाळाच्या कणांना चिकटलेले असते. ते नुसत्या वाळूने अडते, जशी गाळणीवर चहाची पत्ती राहते. पण काही पाण्यात विरघळलेले असते, चहातल्या साखरेसारखे. त्याला गाळणी काय करणार? त्याला पकडायला कोणीतरी हात धरणारा हवा. तो हात लोखंडाच्या गंजाचा असतो, नाहीतर तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा, नाहीतर चुन्याचा. मातीत अशी वस्तू मुद्दाम मिसळली की ती विरघळलेले स्फुरद धरून ठेवते. सुधारलेली माती म्हणतात ती हीच. येथे सुधारणे म्हणजे सुपीक करणे नव्हे. उलट थोडे नापीकच करणे आहे, आणि आम्हा शेतकऱ्यांच्या लेकींना हेच पचायला जड जाते.

मिनेसोटात एरिकसन, गलिव्हर आणि वाइस यांनी वाळूत वजनाने शंभराला पाच भाग लोखंडाचा चुरा मिसळून पाहिला. प्रयोगशाळेत त्या वाळूने विरघळलेले स्फुरद सरासरी ८८ टक्के अडवले. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि तेथे अशा वाळूच्या गाळण्या प्रत्यक्ष वापरात आहेत. लोखंड फार झाले तर गंजून वाळूची ढेप होते आणि पाणी अडते, म्हणून पाच ते आठ भागांच्या पुढे जाऊ नये असे ते सांगतात. आता पाहा, लोखंडाचा चुरा ही काही परदेशातून मागवायची वस्तू नाही. लेथवर लोखंड कातताना जो कीस पडतो तो भंगारात जातो. आपल्या जिल्ह्यात तर सुरजागडचा डोंगरच लोखंडाचा आहे. फक्त किसाला तेल लागलेले असते. तो सोड्याच्या गरम पाण्यात दोनदा धुऊन, उन्हात वाळवून घ्यावा, नाहीतर स्फुरद अडवायला जाऊन बोडीत तेल सोडायचे, असे माझ्यासारखेच होईल.

तुरटीचीही गंमत सांगते. नदीचे गढूळ पाणी घागरीत तुरटी फिरवून आपण निवळतो. आमच्या आजी तर जंगलातली निवळीची बी उगाळीत. जेथे पाणीपुरवठ्याच्या केंद्रात तुरटी वापरतात तेथे तळाला गाळ बसतो आणि तो फेकून दिला जातो. त्या गाळात ॲल्युमिनियम असते आणि स्फुरद धरण्याची त्याची भूक शिल्लक असते. अनेक देशांत हा वाळवलेला गाळ अशा बागांच्या मातीत मिसळून पाहिला आहे आणि तो चांगला उतरला आहे. फुकटची वस्तू म्हणून मला ती फार आवडते. पण परवानगीवाचून कोणाच्या केंद्रातून काही उचलून आणायचे नाही.

एवढे झाले स्फुरदाचे. नत्राची तऱ्हा वेगळी आहे, आणि त्याच्याशी आपल्या लेकरांचा संबंध आहे. शेण, मूत्र, मोरीचे पाणी यांतले नत्र मातीत जाऊन नायट्रेट बनते. हे नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली उतरते आणि विहिरीत पोचते. त्याला रंग नाही, वास नाही, उकळून ते जात नाही. उलट पाणी आटले की दाट होते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे असे भारतीय मानक आहे. वरच्या दुधावरच्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेत आयोवा राज्यात कॉम्ली नावाच्या डॉक्टरने १९४५ साली अशा बाळांची हकीकत प्रथम मांडली. त्या घरांच्या विहिरींत नायट्रेट फार होते. म्हणून शेणाचा उकिरडा विहिरीपासून लांब, हे आपल्या सासवांचे सांगणे सोवळ्याओवळ्याचे समजून हसण्यावारी नेऊ नये.

नायट्रेटला घालवायचा उपाय धानाच्या बांधीत आहे. बांधीत पाणी साचले की चिखलात हवा राहत नाही. तेथले जंतू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेले नत्र हवेत उडून जाते. शेतकरी म्हणतो, माझा युरिया उडाला. त्याचे नुकसान होते. २०१५ पासून देशात युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप सक्तीचा केला, त्यामागे हेही एक कारण आहे. पण शेतकऱ्याचे जे नुकसान तेच बोडीचे कल्याण. हवेत मुळात शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नत्रच आहे, तेव्हा ते तेथे गेले म्हणून कोणाचे बिघडत नाही. फक्त त्या जंतूंना खायला कर्ब लागतो. मेरीलँड विद्यापीठात २००३ साली भुसा, गवत, पालापाचोळा, लाकडाचे तुकडे असे कितीतरी पदार्थ घालून पाहिले. सर्वांत चांगले काम कोणी केले असेल? जुन्या वर्तमानपत्राच्या कपट्यांनी! तेव्हा रद्दीवाल्याशी घासाघीस करण्याआधी विचार करा. (हशा)

आता अडचण लक्षात येते का? नायट्रेटला बुडालेली, हवा नसलेली जागा हवी. आणि लोखंडाने धरलेले स्फुरद? जागा बुडून हवा संपली की लोखंडाचे रूप पालटते आणि ते धरलेले स्फुरद सोडून देते. बांधीत पाणी साचल्यावर धानाला स्फुरद अधिक मिळते ते याच कारणाने. म्हणजे एकाच घरात दोन जावा. एकीला खिडकी उघडी हवी, दुसरीला बंद. घर वाटून दिल्याशिवाय भागत नाही. वर लोखंडमिश्रित वाळू, तिच्यातून पाणी झरझर खाली जाऊन ती पुन्हा कोरडी पडेल अशी. आणि खाली हातभर थर नेहमी पाण्याने भरलेला, त्यात वाळूबरोबर लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे. खालच्या थराचे पाणी टिकवायला निघणाऱ्या पाइपचे तोंड वर वळवून ठेवायचे, इतकीच युक्ती.

दुसऱ्या खेपेस मी असे केले. आधी सगळे खत उपसून शेतात दिले. काळी माती काढली, कारण ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पाणी तिच्यातून जात नाही. तळाशी गिट्टी घातली, तिच्यावर नदीची जाडी वाळू आणि बांबूचे तुकडे, वर वाळूत धुतलेला लोखंडी कीस आणि थोडा चाळलेला लाल मुरूम. मुरूम सगळा सारखा नसतो, म्हणून तीन ठिकाणचा आणून निळ्या रंगाच्या परीक्षेने निवडला. झाडे तीच, कर्दळ आणि काठाला वाळा. खत अजिबात नाही. कर्दळ यंदा रोडावलेली आहे, माझे कोणी कौतुक करीत नाही. पण बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी आता शिरणाऱ्या पाण्यापेक्षा फिकट दिसते. एका परसाने बोडी सुधारत नाही, हे मला ठाऊक आहे. ती अजून हिरवीच आहे. तळाच्या गाळातही वर्षानुवर्षांचे स्फुरद साठलेले आहे. ते उपसून शेतात नेणे हा मालगुजारीच्या काळापासूनचा पूर्व विदर्भाचा परिपाठ. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ गाड्या भरभरून बांधीत जाई, म्हणजे शेतातून आलेले शेतात परत जाई. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तळे सरकारचे झाले. मग गाळ कोणी काढायचा? २०१७ पासून सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार म्हणून जी योजना काढली ती नव्या नावाने तीच गोष्ट आहे. त्याबद्दल ढिवर बांधवांच्या संस्थेशी वेगळे बोलावे लागेल.

मला घरोघरी तीन प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे येथेच देते.

पहिला डासांचा. गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाला हसून चालत नाही, तेव्हा हा प्रश्न मी सर्वांत आधी स्वतःलाच विचारला होता. डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. बागेवरचे पाणी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत जिरलेच पाहिजे. जिरले नाही तर वरचा थर चोंदला असे समजून दोन बोटे खरवडून काढायचा. खालचे साचलेले पाणी वाळू-गिट्टीच्या पोटात असते, तेथे डास जाऊ शकत नाही. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधली की झाले.

दुसरा प्रश्न, तेथे धोपा लावून भाजी खावी का? परसातल्या मोरीवरचा धोपा आपण खात आलो, हे खरे. पण रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यात गाड्यांचे तेल, रंग, जड धातूही असू शकतात. तेथे खायचे काही लावू नये. कर्दळ देवाला चालते, तेवढे पुरे.

तिसरा पुराचा. २०२२ च्या जुलैत प्राणहिता आणि गोदावरी दोन्ही फुगल्या तेव्हा आपण काय पाहिले ते कोणाला सांगायला नको. तसल्या पाण्यापुढे माझा चर म्हणजे चमचा. ही बाग महापुरासाठी नाहीच. पण पुराचे दिवस दोन-चार, आणि साध्या सरी साऱ्या पावसाळाभर. त्यातही उन्हाळाभर साठलेली घाण पहिल्या सरी घेऊन जातात. त्या अडल्या तरी पुष्कळ झाले.

आणि एक गोष्ट तर मातीही न खणता करता येते. अमेरिकेतच मॅडिसन शहरात पानगळीच्या दिवसांत रस्त्यावरची पाने पाऊस येण्याआधी उचलून पाहिली. त्या मोसमात नालीतून जाणारे स्फुरद ८४ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१६ साली छापले आहे. पाने भिजली की चहासारखी उतरतात, आणि तो काढा बोडीत जातो. आपल्याकडे पानगळ उन्हाळ्यात. तेव्हा मृगाआधी नाल्या झाडून घेतल्या तर खर्च एका खराट्याचा. झाडलेले नालीत लोटायचे नाही एवढेच. आमच्या आळीत दोन घरे नेमके तेच करतात. नावे सांगत नाही, त्यांतले एक माझेच होते.

आता मंडळाचे अंगण. अंगणात गट्टू बसवायचे आणि पाणी नव्या सिमेंटच्या नालीने बोडीत सोडायचे असा ठराव समोर आहे. चिखल होतो, हळदीकुंकवाला साड्या भरतात, हे मलाही मान्य आहे. गट्टूला माझा विरोध नाही. छप्पर आणि अंगण मिळून सुमारे शंभर चौरस मीटर होतात. माझे मागणे आहे, नालीच्या तोंडाशी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद एवढी जागा मातीला सोडावी. तिच्यावर वीतभरापेक्षा कमी, पंधरा सेंटिमीटर पाणी उभे राहू दिले तर नऊशे लिटर मावते, म्हणजे मघाच्या सरीतले जवळजवळ सगळे. कोषाध्यक्षबाई म्हणाल्या, “तेथे आपल्या दहा खुर्च्या बसतात.” बसतात, खरे आहे. मी मोजून पाहिले, आठ बसतात.

खर्चाचे बोलायचे तर वाळू आणि गिट्टी बांधकामाच्या मालातूनच उरेल. लेथचा कीस द्यायला आपल्याच एका भगिनीचे यजमान कबूल झाले आहेत. खणायला माझी ती दोन मुले येतील. त्यांना जेवण मात्र चांगले हवे, मागच्या खेपेस मी खिचडीवर भागवले त्याची त्यांनी अजून आठवण ठेवली आहे. काही वर्षांनी लोखंडाची भूक भागेल, तेव्हा वरचा थर काढून नवा भरावा लागेल. मंडळाच्या दप्तरात तशी नोंद आजच करून ठेवावी, कारण तेव्हा आठवण द्यायला मी असेन की नाही कोण जाणे. आणि कोणीही, अगदी माझ्यासारख्या मास्तरणीने सांगितले तरी, त्यात एक पाटीही शेणखत घालू द्यायचे नाही.

बोडीवरच्या म्हाताऱ्या आक्का आज येथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना मराठी भाषण अर्धेच समजते, म्हणून त्यांची सून शेजारी बसून सांगते आहे. मघापासून त्या काही विचारताहेत, आणि सून त्यांना थांबवते आहे. थांबवू नका, बाई. त्यांनाच पहिला प्रश्न विचारू द्या. तोवर चहा येईल.